फुंकरबाबांचे नऊ मणी

आमच्या भाऊजींची नडगी बघायला रांग लागायची. खुद्द नडगी नव्हे. ती बिचारी पट्ट्यांत गुंडाळलेली, बाहेरून सळ्यांच्या चौकटीत आवळलेली, आतल्या खोलीत उशीवर पडून असायची. लोक यायचे ते तिचा एक्स-रे बघायला. तो ताईच्या सासूबाईंनी पुढच्या खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावला होता आणि मागे टेबललॅम्प ठेवला होता. रस्त्याने जाणारा थांबायचा, चपला काढायचा आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या हाडाला हात जोडायचा.

“दिसली का माळ?”

“दिसली की. स्वच्छ.”

“मणी किती?”

“नऊ.”

“बघा. बाबा म्हणाले होते तेवढेच.”

आणि माळ खरोखरच होती. काळ्या फिल्मवर हाड, हाडाच्या पोकळीत पांढरे, गोल गरगरीत मणी, तारेत ओवल्यासारखे. ओवल्यासारखे कसले, ओवलेलेच. बारीक तार चांगली दिसत होती. पण हात जोडलेल्या माणसाला तार दिसत नाही, त्याला मणीच दिसतात.

माझा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी लॅबमध्ये बसून दात घडवतो. अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे, त्यामुळे लोक मला फार उलट बोलत नाहीत. या प्रकरणात मात्र बोलले. “तुला काय कळतंय, तू दातांचं बघ,” असं मला त्या माणसाने ऐकवलं ज्याचे वरचे-खालचे सगळे दात मी केलेत.

झालं होतं असं. भाऊजी रंगारी. दोन मजली भिंतीला शिडी लावून शीळ घालत रंग देणारा माणूस. एके दिवशी शिडी सरकली, भाऊजी खाली आले आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. ऑपरेशन झालं, हाडावर धातूची पट्टी बसली, जखम भरली. सगळ्यांनी हुश्श केलं. आणि महिन्याभरात टाक्यांच्या जागी एक भोक पडून त्यातून पू यायला लागला. गोळ्या दिल्या, थांबला. गोळ्या संपल्या, आला. सुया दिल्या, थांबला. सुया संपल्या, पुन्हा हजर. शेवटी डॉक्टरबाईंनी पाय पुन्हा उघडला, पट्टी काढली, मेलेलं हाड खरवडलं, बाहेरून सळ्या लावल्या आणि आतल्या पोकळीत औषधाचे मणी ठेवले.

हे त्यांनी आदल्या दिवशी ताईला समजावूनही सांगितलं होतं. पण त्या वेळी भाऊजी तापाने फणफणलेले, ताई रडवेली. तिच्या कानात ‘ऑपरेशन’ एवढा एकच शब्द शिरला, बाकी सगळं वरून गेलं. सही केली आणि बाहेर येऊन बाकावर बसली.

त्या वेळी सासूबाईंनी काय करावं? फुंकरबाबांना वॉर्डात बोलावलं.

हे फुंकरबाबा टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये बसत. दुखेल तिथे फुंकर मारायची, हे त्यांचं शास्त्र. गुडघ्यावर फुंकर, पोटावर फुंकर, नापास मुलाच्या वहीवर फुंकर. “बाळा, विश्व म्हणजे काय? श्वास. रोग म्हणजे काय? अडकलेला श्वास. मी काही करत नाही, मी फक्त वाट मोकळी करतो.” स्वतःला खोकला झाला तेव्हा मात्र ते गुपचूप औषधाच्या दुकानात दिसले होते. दुकानदार म्हणाला, बाटली शिष्यांसाठी घेतली असेल.

ऑपरेशन झाल्यावर भेटीच्या वेळेत बाबा वॉर्डात आले, भाऊजींच्या पायाच्या दिशेने तीन फुंकरा मारल्या, डोळे मिटले, उघडले आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये माईकवरून घोषणा झाली. बाबांच्या गळ्यातल्या सत्तावीस काळ्या मण्यांच्या माळेतले नऊ मणी रातोरात नाहीसे झाले. कुठे गेले? तर भक्ताच्या हाडात, रोगाशी लढायला. लोक धावत वॉर्डात गेले. एक्स-रे बघितला. नऊ.

मी ताईला विचारलं, “आदल्या दिवशी बाबा आले तेव्हा हा फोटो कुठे होता?”

“खिडकीला टेकवून ठेवला होता मी. का रे?”

“काही नाही.”

मी त्याच संध्याकाळी हॉलमध्ये जाऊन भर लोकांत विचारलं, “बाबा, फोटो काल निघाला. तुमचे मणी आज गेले. मग आजचे मणी कालच्या फोटोत आले कसे?”

बाबा माझ्याकडे बघून इतकं गोड हसले की मला त्यांच्या दाढांचं माप घ्यावंसं वाटलं. “बाळा, काळ तुझ्यासाठी सरळ चालतो. आमच्यासाठी तो गोल आहे.”

हॉलभर टाळ्या पडल्या. मी डोक्याला हात लावला आणि जिना उतरलो. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं यालाही मर्यादा असते.

इथपर्यंत ही गंमत होती. लोकांनी खिडकीला हात जोडले तर माझ्या बापाचं काय जातंय? पण पुढे जे झालं त्याने माझी झोप उडाली. डॉक्टरबाईंनी ठरवून दिलेली, मणी काढायची तारीख जवळ आली आणि बाबांनी आज्ञा केली: माळ काढायची नाही. माळ निघाली तर पाय गेला. सासूबाईंनी ती आज्ञा शिरसावंद्य मानली. आणि भाऊजींनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, “मी दवाखान्यात जाणार नाही.”

तारीख आली आणि गेली. चार-पाच दिवसांनी ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं, “संध्याकाळी अंग गरम लागतंय त्यांचं. आणि टाक्यांच्या कडेला लाल झालंय. बाबा रोज येऊन पट्टीवर फुंकतात.”

“पट्टी उघडून?”

“थोडी बाजूला करून.”

मला खरंच भीती वाटली. मी तसाच डॉक्टरबाईंकडे गेलो.

या बाई एकदम कोरड्या. टेबलावर प्लास्टिकचं हाड, पेन ठेवायला एक्स-रेचं रिकामं डबडं, चेहऱ्यावर हसू नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही कवळ्या करता ना? कवळी कुणी धुतली नाही तर तिच्यावर काय येतं?”

“बुळबुळीत थर.”

“नुसती चूळ भरून जातो?”

“नाही. घासावा लागतो. आतल्या खाचांत तर फार चिवट बसतो.”

“तो थर म्हणजे जंतूंची वस्ती. जंतू सुटे असले तर औषधाने मरतात. पण धातूवर किंवा मेलेल्या हाडावर बसले की अंगाभोवती चिकट पांघरूण घेतात आणि आत निवांत राहतात. त्या हाडात रक्त नीट पोचत नाही, त्यामुळे गोळीचं औषध तिथे पुरेसं जातच नाही. पोचावं म्हणून गोळ्या वाढवल्या तर आधी मूत्रपिंडं बिघडतील. म्हणून मी वस्ती खरवडून काढली आणि औषध थेट तिथेच ठेवलं. सिमेंटमध्ये कालवून, मणी करून. मण्यातून औषध पाझरतं. आजूबाजूला इतकं दाट होतं की उरलेसुरले जंतूही टिकत नाहीत, आणि बाकीच्या शरीराला त्याचा त्रास जवळजवळ होत नाही.”

“मग राहू दे की आत.”

“औषध पाझरून संपतं हो. मग उरतो नुसता मणी. खडबडीत, परका, रक्त नसलेला. एखादा जंतू राहिला असेल, किंवा कुणी जखमेवर फुंकून नवा पाठवला असेल, तर त्याला बसायला याहून चांगली जागा नाही. तुमची न धुतलेली कवळीच. पुन्हा वस्ती झाली तर हाड आणखी कापावं लागेल. किती, ते आज सांगता येत नाही. पाय वाचेलच असंही सांगत नाही.”

मी उठलो. तेवढ्यात त्यांनी दिव्याच्या पेटीवर दुसरी फिल्म लावली. “तुमच्या बहिणीला दिली ती समोरून घेतलेली. ही बाजूने घेतलेली, माझ्याकडेच आहे. मोजा.”

मी मोजले. पुन्हा मोजले.

“अकरा.”

“अकराच घातलेत. आत माळ दुमडलीये, त्यामुळे समोरून दोन मणी दुसऱ्या दोघांच्या मागे लपलेत. आम्ही आत काही ठेवताना मोजतो आणि काढतानाही मोजतो. मोजल्याशिवाय टाका घालत नाही.”

मी खुर्चीत परत बसलो. कितीतरी दिवसांनी मला मनापासून बरं वाटलं. “बाई, हा आकडा कुणाला सांगितलात?”

“कुणी विचारलाच नाही.”

“अजून थोडे दिवस कुणी विचारू नये अशी माझी इच्छा आहे.”

“मला पेशंट टेबलावर पाहिजे,” बाई म्हणाल्या. “उद्या आणा. बाकी तुमचं तुम्ही बघा.”

बाबांशी वाद घालून उपयोग नव्हता, हे मी टाळ्या खाऊन शिकलो होतो. आता एकच उपाय होता, त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं. मी हॉलमध्ये गेलो, पहिल्या रांगेत बसलो आणि माईक मागितला.

“बाबा, मी चुकलो. काळ गोल आहे.”

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“पण बाबा, मला एक वाईट वाटतं. तुमचे मणी असे किती दिवस बाहेर राहणार? गळ्यातली माळ अर्धवट दिसते. काम झालं असेल तर परत बोलवा त्यांना. डॉक्टरबाईंच्याच हातांनी काढून घ्या. त्या उगाच म्हणत फिरतात की मणी त्यांनी घातले. सगळ्यांसमोर त्यांच्या हातून तुमचे नऊ मणी तुमच्या हातात आले की बाईंचं तोंड कायमचं बंद.”

बाबांच्या चेहऱ्यावर दोन विचार आळीपाळीने येऊन गेले. पण लोक ओरडायला लागले होते, “बोलवा, बाबा, बोलवा.” आणि डॉक्टरबाईंची जिरवायची हौस कुणाला नसते? बाबांनी हात वर केला. “मणी कालच मला स्वप्नात म्हणाले, आमचं काम झालं. उद्या त्यांना परत बोलावतो. ती डॉक्टरीण निमित्तमात्र.”

“किती मणी येतील, बाबा?” मी अगदी भोळा चेहरा करून विचारलं. “म्हणजे बाईंनी एखादा लपवला तर कळायला हवं.”

“नऊ. एक कमी नाही, एक जास्त नाही. ज्याचे त्याला ठाऊक.” बाबांनी गळ्यातली माळ काढून सासूबाईंच्या हातात दिली. “माई, तुम्ही मोजा. अठरा उरलेत ना? सत्तावीस पुरे होतील.”

सासूबाईंनी मोठ्या श्रद्धेने, बोट लावून अठरा मणी मोजले आणि माळ रुमालात बांधून पदराखाली घेतली. उद्या नऊ मणी ओवायचा मान त्यांचा होता.

घरी जाऊन मी भाऊजींच्या पलंगाशी बसलो. ते छताकडे बघत होते.

“भाऊजी, बाबांची परवानगी मिळाली. उद्या जायचं.”

ते म्हणाले, “तुला काय वाटतं, मी त्या फुंकणाऱ्याला खरा मानतो?”

“मग जात का नाही?”

“दोनदा कापलंय मला. दर वेळी सांगतात, हे शेवटचं. भूल उतरते ना, तेव्हा कसं वाटतं ते तुला नाही कळायचं. तो बाबा म्हणाला, आता कापायचं नाही. एवढं एकच वाक्य मला ऐकायचं होतं रे. कोण का म्हणेना.”

माझ्याकडे शास्त्र होतं, त्यांच्याकडे दुखणं होतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, “उद्या मी बाहेरच बसतो. भूल उतरेल तेव्हा मी असेन.” त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की कंटाळ्याची, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात जत्रा जमली. बाबा झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते, डोळे मिटून, मण्यांना हाका मारत. “या बाळांनो. या. वाट मोकळी आहे.” मध्येच एक डोळा किलकिला करून लोक किती जमलेत ते बघत होते. सासूबाई रुमाल मांडीवर उलगडून, सुईत दोरा ओवून तयार होत्या. ताई माझ्या शेजारी उभी होती आणि माझा दंड इतका घट्ट धरून होती की हाताला मुंग्या आल्या.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. हातात झाकणबंद काचेची बरणी. त्या आधी ताईकडे गेल्या. “मणी निघाले. आत थोडी लाली होती, ती साफ केली. नमुना तपासायला पाठवलाय. नवं हाड धरावं म्हणून पोकळीत त्यांच्याच कमरेच्या हाडाचा चुरा भरलाय. वेळेत आलात.” ताई मटकन पायरीवर बसली आणि रडायला लागली.

बाबा उठले. “आणा माझे मणी.”

“बरणी उघडायची नाही,” बाई म्हणाल्या. “ही जखमेतली वस्तू आहे. काचेतून बघा, मग मी ती नष्ट करणार.”

बरणी सासूबाईंच्या डोळ्यांसमोर धरली गेली. त्या पुटपुटत मोजायला लागल्या. सात, आठ, नऊ. थांबल्या. चष्मा पुसला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“अकरा आहेत,” सासूबाई म्हणाल्या.

“नऊ,” बाबा म्हणाले.

“अकरा. तुम्हीच मोजा.”

बाबांनी मोजले. बाबांच्या मागच्या शिष्याने मोजले. काळ गोल असला तरी अकरा काही केल्या नऊ होईनात.

“हं,” बाबा म्हणाले. घाम पुसत का होईना, पण सुचलं त्यांना, मानलं पाहिजे. “पुण्य वाढतं, माई. मणी वाढले. भक्ताच्या शरीरात दोन नवे जन्मले.”

“आणि काळे होते ते पांढरे झाले?”

“तपाने.”

“आणि त्यांना ही स्टीलची तार कुठून आली?”

बाबांनी डोळे मिटले.

सासूबाईंनी रुमालातली माळ हातात घेतली. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. “काल तुम्ही म्हणालात, ज्याचे त्याला ठाऊक. एक जास्त नाही म्हणालात. अठरा मी माझ्या बोटाने मोजले. अठरा आणि अकरा एकोणतीस होतात. माणूस शेजारणीकडे वाटी पाठवतो तीसुद्धा लक्षात ठेवतो. तुम्ही माझ्या पोराच्या हाडात मणी पाठवलेत आणि किती ते तुम्हाला माहीत नाही?”

“माई, श्रद्धा...”

“फोटोत नऊ दिसले म्हणून नऊ म्हणालात. दोन मागे लपले असतील, ते तुम्हाला दिसले नाहीत. एवढंच ना?” सासूबाईंनी माळ त्यांच्या हातात ठेवली. “हे तुमचे अठरा. उरलेले नऊ जिथे कापून ठेवलेत तिथून घ्या.”

मी लॅबमधून पिशवी आणली होतीच. अंगणातल्या बाकावर छोटी वाटी ठेवली, त्यात पांढरी पावडर टाकली, वर लिक्विड ओतलं आणि कालवलं. कवळीचं अॅक्रिलिक. उग्र वास सुटला, दोघं-तिघं मागे सरकले. मिश्रणाचा लगदा झाला तसा मी तो बोटांनी वळून तारेवर एक मणी चढवला, मग दुसरा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “हाडाचं सिमेंट याच जातीचं. त्यात आम्ही जंतूंवरचं औषध मिसळतो आणि एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून आणखी एक पावडर.”

“सिमेंट म्हणजे राखाडी ना?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“भिंतीचं,” बाई म्हणाल्या.

मणी घट्ट झाला. मी तो सासूबाईंच्या तळहातावर ठेवला.

“गरम आहे,” त्या म्हणाल्या.

“घट्ट होताना तापतोच, मावशी. बाबांनी बोलावलं म्हणून नव्हे.”

आम्ही वर बघितलं तर झाडाखाली नुसती खुर्ची होती. शिष्य सांगत होता की बाबांनी आजपासून मौन धरलं आहे. मी म्हणालो, उत्तम, तोंड बंद राहिलं म्हणजे फुंकरही बंद.

भूल उतरताना मी कबूल केल्याप्रमाणे तिथे होतो. भाऊजींनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, “किती निघाले?” मी सांगितलं. ते हसायला लागले, हसताना पाय दुखला, त्यांनी मला शिवी दिली. नमुना नंतर स्वच्छ आला. हाड भरायला पुष्कळ महिने लागले. आधी सळ्या, मग काठी, मग नुसता लंगडा पाय, मग एक दिवस शीळ. टायरच्या दुकानावरचा हॉल रिकामा झाला तेव्हा मालकाने रंग द्यायला भाऊजींनाच बोलावलं. शिडीखाली सासूबाई स्वतः जाऊन बसल्या होत्या, दोन्ही हातांनी शिडी धरून.

त्या खिडकीत आता एक्स-रे नाही, पण अधूनमधून कुणीतरी मला अजून विचारतं, “काही म्हणा, थोडं तरी बाबांचं असेल ना त्यात?” मी त्यांना रागावत नाही. दुखणाऱ्या माणसाला ‘आता कापायचं नाही’ हे ऐकायचं असतं, आणि ते सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. मी एवढंच म्हणतो: जखम दाखवायची ती डॉक्टरला. तारीख दिली असेल त्या तारखेला जायचं. समजलं नाही तर पुन्हा विचारायचं, दहा वेळा विचारायचं, डॉक्टर कोरडे असले तरी विचारायचं. आणि कुणी म्हणालं की तुमच्यासाठी मी वरून काही पाठवलंय, तर हात जोडायच्या आधी त्याच्याकडून आकडा घ्या. मग मोजा.